भांगेचं झाड कशानं मेलं

न्हाणीमागं आपोआप उगवलेलं भांगेचं झाड परवापर्यंत माझ्या खांद्याला लागत होतं. आज पाहते तर शेंड्यानं मान टाकलेली.

शेजारची सुमन म्हणाली, "आजी, दृष्ट लागली."

"भांगेला कोण दृष्ट लावणार गं? महादेव?"

झाड ओढलं तर अलगद हातात आलं. मुळं काळी पडून कुजली होती. माती चिखल झालेली, तिला वास मारत होता. पाणी जास्त झालं होतं, दुसरं काही नाही. आणि झाडाला पाणी फक्त आमचे हे घालतात.

"आज किती वेळा पाणी घातलंत?" मी यांना विचारलं.

"अजून घातलंच नाही. आत्ताच तर उठलो."

दुपार कलली होती आणि यांच्या धोतराचा काठ ओला होता.

घातलेलं आठवत नाही, म्हणून पुन्हा घालतात. हल्ली माझं नावही यांना चटकन सापडत नाही, ते मी वयावर ढकललं होतं. झाडाला पुरे म्हणता येत नाही. माणसालाही आतून काय चाललंय ते कुठं सांगता येतं? वर सगळं हिरवंच दिसतं.

"कशानं गेलं गं?" यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"उन्हानं," मी म्हटलं.

यांनी उन्हाला एक शिवी हासडली. मीही हासडली.