दिगूभाऊ आणि मेथीची जुडी

दिगंबर फडोळ यांनी २००३ सालच्या डिसेंबरमध्ये आमच्या इंदिरानगरच्या घरी होम थिएटरच्या रिसीव्हरला दोन जादा स्पीकर जोडले. त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही, हे त्याच दुपारी उघड झालं. तोपर्यंत ही गोष्ट फक्त त्यांच्या पत्नीला माहीत होती.

रविवार कारंजाजवळ त्यांचं एका शटरचं दुकान होतं. सगळे त्यांना दिगूभाऊ म्हणत. नव्वदच्या दशकात त्यांनी मिरवणुकांमध्ये स्पीकरच्या भिंती लावल्या आणि दहा-बारा वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहून काढली. पुढे घरोघरी होम थिएटर येऊ लागली, तसे ते या कामाकडे वळले. गिऱ्हाइकाच्या घरात शिरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "सगळ्यात लांब कोण बसतं?"

पत्नी शकुताई नेहमी सोबत असत. त्या मखमलाबादच्या, माहेरी भाजीचा मळा. त्यांच्या पिशवीत मेथीची जुडी असायचीच. दिगूभाऊंनी दाखवलेल्या सर्वांत लांबच्या जागी त्या बसत आणि काम संपेपर्यंत मेथी निवडत. सामान धरायला येत असतील, अशी गिऱ्हाइकांची समजूत होती.

आमच्याकडे प्रश्न साधा होता. बाबांचा पाय मोडला होता आणि ते मागच्या खोलीत पडून होते. हॉलमध्ये लागणारी नाट्यगीतं त्यांना ऐकायची होती. एका इलेक्ट्रिशियनने त्यांच्या खोलीतले दोन स्पीकर हॉलमधल्या स्पीकरांच्याच तारांना जोडून दिले होते. वीस मिनिटांत रिसीव्हर तापायचा आणि आपोआप बंद पडायचा.

दिगूभाऊंनी मागून एक नजर टाकली आणि तारा उपसल्या.

"स्पीकर मागतो, अ‍ॅम्प्लिफायर देतो," ते म्हणाले. "मागणारे वाढवले ना, तर देणारा पण वाढवायचा. ह्या एकट्यानं किती जणांना वाढायचं?"

त्यांनी दुकानातून एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला होता. रिसीव्हरच्या मागे टेपसाठी असलेल्या आउटमधून त्यांनी त्याला सिग्नल दिला आणि त्यातून बाबांच्या खोलीपर्यंत नवी तार ओढली. आता त्या खोलीचा आवाज हॉलपेक्षा वेगळा कमी-जास्त करता येणार होता. तार उलटी लागू नये म्हणून त्यांनी पेन्सिल सेल तिच्या टोकांना टेकवला आणि स्पीकरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "पुढं आला. बरोबर." दुसऱ्या स्पीकरचंही तसंच केलं.

शकुताई बाबांच्या खोलीतल्या खुर्चीवर बसायला निघाल्या होत्या. माझा थोरला भाऊ, दादा, म्हणाला, "वहिनी, तिथे कशाला? आत बसा, आई चहा करतेय." त्यांनी दिगूभाऊंकडे पाहिलं. ते वाकून तार सोलत होते. त्या आत गेल्या.

कॅसेट लावून दिगूभाऊ बाबांच्या खोलीत आले. "काय बाबा, कसं वाटतंय?"

बाबा पेपर तोंडासमोर धरून बोलत. "गुं गुं येतंय," ते पेपरमागून म्हणाले.

"हां. आता रोज ऐका."

"अहो, गुणगुणतंय काहीतरी!"

"ऐका ना, ऐका."

दादा दारात उभा होता. त्याने मागूनच हाक मारली. दिगूभाऊ वळले नाहीत. दुसऱ्यांदा मोठ्याने मारली, तरी नाही. दादा पुढे जाऊन समोर उभा राहिला.

"ऐकू येत नाही तुम्हाला?"

दिगूभाऊंनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. "उजवा गेलाय. डाव्यात थोडं हाय."

"आणि तुम्ही स्पीकर जोडता?"

"जोडायला कान लागत नाही, साहेब. जोडलेलं बरं झालं का, ह्याला लागतो. तो तुम्ही चहाला पाठवला."

बाबांनी पेपर खाली केला. "अरे, ऐकायचंय मला. त्याला कशाला ऐकू यायला पाहिजे?"

शकुताई बाहेर आल्या. खुर्चीत बसून त्यांनी मेथी मांडीवर घेतली, पण निवडली नाही. "खालून मधमाशीवाणी येतंय. डावीकडून लय," त्या दिगूभाऊंकडे तोंड करून म्हणाल्या.

रिसीव्हर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन वेगळ्या भिंतींवरच्या प्लगमध्ये होते; गुणगुण त्यानेच येत होती. दिगूभाऊंनी दोन्ही एकाच बोर्डावर घेतले आणि दारात येऊन उभे राहिले. ते स्पीकरकडे पाहत नव्हते, शकुताईंच्या हाताकडे पाहत होते. मेथी निवडायला हात चालू झाला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवला.

आमच्या कॉलनीत त्यांची आणखी तीन कामं ठरली होती. तिन्ही दादाच्या ओळखीची.

"उद्या पाटलांकडं जायचंय," फाटकाशी ते म्हणाले. "त्यांना सांगणार असाल, तर मी येत नाही. उगाच दारातनं परत कशाला यायचं?"

शकुताई म्हणाल्या, "चला. बस जाईल."

रात्री दादाने पाटलांना फोन केला. "उद्या फडोळ येतील. त्यांच्या मिसेस सोबत असतात. त्या जिथे बसतील तिथे बसू द्या." एवढं बोलून त्याने फोन ठेवला. तिन्ही कामं झाली.

दिगूभाऊ २००९ साली गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात आमचं घर रंगवायला काढलं तेव्हा सगळ्या तारा सुटल्या. पुन्हा जोडल्यावर बाबांच्या खोलीत तीच गुणगुण आली. दादाने दुकानाच्या नंबरवर फोन केला. शकुताई एकट्याच आल्या, पिशवी घेऊन.

"मला जोडता येत नाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही हलवा."

त्या बाबांच्या खोलीतल्या खुर्चीवर बसल्या. दादा हॉलमध्ये एकेक पिन काढून दुसरीकडे लावत होता आणि दर वेळी दारात येऊन पाहत होता. चौथ्या वेळी आला, तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.