झाकणाखालची साय

नदीचा पूल समोर दिसत होता, तेव्हा आमची जीप बंद पडली. मागच्या बाकावर मिस्त्री आडवे होते. डोकं त्यांच्या बायकोच्या, लीलाच्या मांडीवर, आणि पाय मी धरलेले. सकाळपासून त्यांच्या छातीत कळ येत होती, म्हणून दवाखान्यात नेत होतो. आधी गाडीच्या खालून ठकठक आवाज आला, मग खाडकन काहीतरी मोडलं. सुधाकर, माझा मुलगा, पुन्हा पुन्हा चावी फिरवत राहिला.

"काय झालं रे?" लीला ओरडली.

सुधाकरने पुन्हा चावी फिरवली. मिस्त्री बोलले, डोळे न उघडता. "बेअरिंग गेलं. नको मारू चावी, बापा. आता इंजन फिरत नाही."

रोगी ते होते आणि रोग गाडीचा सांगत होते.

ते असेच होते. आमच्या करडी गावात त्यांचं गॅरेज म्हणजे बाभळीखाली चार पत्रे. गाडी आली की आधी बॉनेट उघडायचं, रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपावर हात ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. भाजून भाजून त्यांच्या दोन बोटांची कातडी गुळगुळीत झाली होती. स्टँडवरचे लोक हसत. "मिस्त्री नाडी पाहून राहिला. आता पथ्य सांगन." मिस्त्री म्हणत, "सांगन ना. पाळत नाही तुम्ही, म्हणून तं माह्यं पोट चालते."

आमच्याकडे उन्हाची सगळ्यांना धास्ती. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मध्ये एक लहान वॉल्व असतो. इंजिन थंड असेपर्यंत तो पाणी अडवतो, तापलं की सोडतो. होळी झाली की लोक गोधड्या माळ्यावर टाकतात, तसे इथले गाडीवाले तो वॉल्व काढून फेकतात. पाणी सारखं फिरत राहिलं की गाडी तापणार नाही, असा हिशेब. गोधड्या थंडीत खाली येतात. वॉल्व परत लावायचं कोणाला आठवत नाही. मिस्त्री कोणाचाही वॉल्व काढून देत नसत. म्हणत, "गरम इंजन बोंबलते, थंडं इंजन चुपचाप मरते."

एका उन्हाळ्यात आमची जीप तापू लागली. मिस्त्री म्हणाले, रेडिएटर आतून गाळाने भरला आहे, साफ करायला दोन दिवस लागतील. लग्नाचे दिवस होते, जीप सवारीला जायची होती. मी थांबले नाही. दुसऱ्या एका मिस्त्रीकडून दहा मिनिटांत वॉल्व काढून घेतला. गाडी तापायची थांबली. मी स्टँडवर सांगत फिरले की आपला मिस्त्री आता म्हातारा झाला, त्याला काही समजत नाही.

त्याच वर्षी थंडीत मिस्त्री भंडाऱ्याहून आमच्या जीपने आले. उतरले आणि म्हणाले, "वहिनी, तुमची गाडी बिमार हाये."

मी म्हणाले, "गर्मीचा काटा तं हालत बी नाही. मस्त थंडी चालते."

"तोच तं रोग हाये जी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू व्हायच्या आधीच ते दारात हजर. वरच्या पाइपावर हात ठेवला आणि सुधाकरला म्हणाले, "लाव." थोड्या वेळाने सुधाकरचा हात ओढून तिथे ठेवला. "पाह्य. इंजन अजून थंडं अन् पाइप कोमट होऊन राहिला. पाण्याले अडवणारा कोणी नाही. वॉल्व कुठे हाये?"

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं.

मिस्त्रींनी गाडी बंद करवली आणि इंजिनात तेल टाकायचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला पिवळट पांढरी साय चिकटली होती. बोटावर घेऊन त्यांनी मला दाखवली. "इंजन पुरं तापत नाही, तं आतली ओल उडत नाही. तेलात मिसळते. असं तेल बेअरिंगले खाते. विझत्या चुलीवर भात ठेवला तं काय होते, वहिनी?"

"गिचगोळा."

"मंग?"

संध्याकाळी ते नवा वॉल्व घेऊन आले. मला पटावं म्हणून चहाच्या उकळत्या पाण्यात टाकला. तो दारासारखा उघडला. बाहेर काढला तसा हळूहळू मिटला. मी म्हणाले, "पातेलं बाटवलं माह्यं." ते म्हणाले, "त्याच पातेल्यातला चहा द्या. मी पेतो."

वॉल्व मी मांडणीवर तिखटाच्या डब्यामागे ठेवला. धान घरात आलं की लावू, म्हणाले. सुधाकर आत्ताच लावू म्हणत होता, पण घरात शेवटचा शब्द माझा. धान घरात आलं. दुसऱ्या वर्षीचंही यायला लागलं. मिस्त्रींनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "कायले जिद्द करून राहिल्या, वहिनी?"

मी म्हणाले, "गाडी माही हाये, मिस्त्री."

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. खरं कारण धान नव्हतंच. त्यांच्या हातून वॉल्व लावून घेतला असता, तर स्टँडवर जे बोलले ते गिळावं लागलं असतं.

मिस्त्रींच्या छातीत कळ आली त्या दिवशी रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेली होती. "वाट कायले पाहता? आपली गाडी दारात उभी हाये," असं मीच म्हणाले. मिस्त्री आपल्या पायांनी चालत जीपमध्ये चढले. चढायच्या आधी सवयीने बॉनेटवर हात ठेवला. पुढे रस्त्यात बेअरिंग गेलं म्हणाले, पण वॉल्वचं नाव काढलं नाही. काढायला पाहिजे होतं.

बऱ्याच वेळाने धानाची पोती घेऊन एक ट्रॅक्टर आला. त्या पोत्यांवर आम्ही मिस्त्रींना निजवलं. पूल ओलांडायच्या आत ते गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, एवढा वेळ कुठे लागला? मी सांगितलं, गाडी बंद पडली.

तेराव्यानंतर लीला आमच्याकडे आली. बसली नाही. "तो वॉल्व लावला होता ना जी, वहिनी?"

मी नाही म्हणाले. ती गेली. पुन्हा आमच्या दारात आली नाही.

जीप भंगारात गेली. वॉल्व अजून तिखटाच्या डब्यामागे आहे. मी तो फेकत नाही आणि कोणाला देतही नाही. फेकून काही होणार नाही.

त्या जीपमध्ये आम्ही चौघं होतो. लीला जिवंत आहे, सुधाकर जिवंत आहे, आणि मी जिवंत आहे.