पल्लवीचा ट्रॅक डे आणि तात्यांची अट

गॅरेजवाल्याकडं दोन गोष्टी कधी संपत नाहीत, उरलेले नटबोल्ट आणि किस्से. लोणीतल्या माझ्या गॅरेजात गेल्या वर्षी साठलेले किस्से मात्र एकाच गाडीचे, माझी चुलतबहीण पल्लवी हिच्या.

पल्लवी घरच्या जुन्या गाडीची मागची सीट पाडून टोमॅटोचे क्रेट मार्केटला नेते. तिच्या डोक्यात घुसलं ट्रॅक डेचं खूळ. म्हणजे आपलीच गाडी ट्रॅकवर न्यायची, शिकवणारा शेजारी बसवायचा आणि मनसोक्त पळवायची. गाडी तिच्या वडिलांच्या, आमच्या तात्यांच्या नावावर. तात्या बैलगाडा शर्यतीतला मुरलेला गडी. त्यांनी विचारलं, नंबर कितवा मिळतो? ती म्हणाली, तिथं नंबर नसतो.

"मग जायाचं कशाला?"

पोरीनं जेवणावर राग काढला तेव्हा तात्या नरमले, पण अट घालूनच. "जा. पन एक जरी ओरखडा आला, तर चावी माझ्या कनवटीला. कायमची!"

चावी गेली की मार्केट गेलं, ट्रॅकही गेला. पल्लवी बिचारी हो म्हणाली.

*

ट्रॅकवाल्यांनी कळवलं होतं, गाडीत सुटी वस्तू एकही नको. आम्ही सीटा काढल्या. आतून काय निघावं? कांदे, विळा, बैलाची घुंगरमाळ, तीन लग्नांच्या पत्रिका आणि तात्यांची डाव्या पायाची चप्पल.

ही चप्पल त्यांच्या मेहुण्यांच्या घरच्या लग्नात हरवली होती. तेव्हापासून तात्या मेहुण्यांशी बोलत नव्हते. आता त्यांनी चप्पल बघितली, धुळीसकट पायात घातली आणि माझ्याच फोनवरून मेहुण्यांना विचारलं, "पावणं, जेवलात का?"

*

मी ब्रेक ऑइल बदललं, नवे ब्रेक पॅड टाकले, टायर तपासले. गाडी तयार झाली, बाई राहिली. हेल्मेटमध्ये डोकं जड होतं म्हणून पल्लवी सवयीसाठी ते घालूनच मार्केटला जायला लागली. घोडेगावच्या रस्त्यावर पोलिसानं थांबवलं. ताई, गाडीत बेल्ट लावायचा असतो, म्हणाला. तिनं लावलेला बेल्ट दाखवला.

मग मागून दुचाकीवर विनाहेल्मेट आलेल्या तिघांना त्यानं बाजूला घेतलं. "लाज वाटू द्या राव. ती बाई चारचाकीत घालून चाललीय!"

*

खुराकाचं खातं तात्यांनी स्वतःकडं घेतलं. शर्यतीआधी बैलाला देतात तेच पोरीला सुरू, दूध, अंडी, भिजवलेले बदाम. उडदाच्या पिठाचा गोळा आला तेव्हा ती माझ्याकडं पळून आली.

"दादा, ते आता माझे खूर बघायचे राहिलेत."

एक मात्र खरं, आदल्या दिवशी तिला त्यांनी कामाला हात लावू दिला नाही. पळायच्या आदल्या दिवशी बैल जुंपत नाहीत, म्हणाले. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा दुपारची झोपली.

*

ट्रॅकवर पोचलो. गाडी तपासणीत पास झाली. शर्यतीच्या घाटात बैल सुटायच्या आधी देवाचा भंडारा उधळतात, तशी तात्यांनी इथंही पुडी सोडली. झेंडेवाला पोरगा धावत आला. काका, काच पिवळी झाली तर दिसणार कसं? तात्यांनी पुडी परत कनवटीला खोचली आणि तोंड फुगवून कठड्याशी उभे राहिले.

पल्लवी सुटली. पहिल्या फेरीत सगळे तिला मागं टाकून गेले. तात्या खाली बघायला लागले. पण पुढच्या फेऱ्यांत तिचं वळण सुधारत गेलं, आणि शेवटी तर एका लालभडक गाडीला तिनं सरळ रस्त्यावर मागं टाकलं! तात्यांचा फेटा हातात आला तो परत डोक्यावर जाईना.

ती आली. शिकवणारा उतरला आणि म्हणाला, पुढच्या वेळी या एकट्या जातील. तात्या धावत गेले आणि जिंकून आलेल्या बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर सणसणीत थाप मारली.

कर्रर्र आवाज आला. त्यांच्या हातात चांदीचं जाड कडं असतं.

वीतभर ओरखडा. पल्लवीनं डोळे पुसले आणि मुकाट्यानं चावी पुढं केली.

तात्यांनी चावीकडं बघितलं, ओरखड्याकडं बघितलं. मग कनवटीची पुडी काढली आणि सगळा भंडारा ओरखड्यावर चोळला.

"भंडारा हाय त्यो. कुनी पुसायचा न्हाई."