पाठमोरा शेजारी

शेजारच्या तांडेलानं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात वल्हं घातलं, ते भर दुपारी, पुळणीवर, साऱ्या गावासमोर. भांडण खुंटाच्या जागेवरून. रेवदंड्याच्या खाडीबाहेर समुद्राच्या तळात ठोकलेला ज्याचा त्याचा खुंट ठरलेला, त्यालाच जाळं बांधायचं. समुद्रात जागा ओळखायची कशी, तर चर्चची पांढरी भिंत नि टेकडीवरचा एक ताड एका रेषेत आले की ती आपली. वादळात तो ताड पडला. शेजाऱ्यानं भलताच ताड धरला नि आपला खुंट नेमका आमच्या जागी ठोकला. नवऱ्यानं त्याचं जाळं सुरीनं उभं फाडलं, वर आईवरून शिवी हासडली. मग काय, वल्हं!

डोकं नारळासारखं फुटलं. रक्तानं माझं लुगडं भिजलं. मीही काही गरीब गाय नव्हते. शेजाऱ्याच्या मनगटाला असा चावा घेतला की चौघांनी मला ओढलं तेव्हा तो सुटला.

नवरा जगला, पण बोलणं बंद. खाटेवर पडून छपराकडं बघत राही. आणि दीर दारात बसून कोयत्याला धार लावायचा. "वैनी, त्याला न्हाय कापला तर मी बापाचा न्हाय," म्हणायचा. इंग्रजाचं राज्य, खुनाला फाशी ठरलेली. एक खाटेवर, दुसरा फासावर. मग मी नि पोरं काय खाडीचं पाणी पिणार? मला भीती वाटायची, नुसती भीती. कोयता तांदळाच्या कणगीत लपवला, तर दिरानं शोधून काढला. बाहेर कुणाचं भांडं पडलं तरी वाटे, कापला!

त्यात मे महिना आला. मे महिन्यात आम्हा किरिस्तावांत मारियेच्या माळेची प्रार्थना रोज संध्याकाळी एकेका घरी होते. पाळी ज्या घरची, त्यानं दार कुणालाही बंद करायचं नाही, वैऱ्यालाही नाही, ही रीत. आमची पाळी आली. शेजारी येणार नाही असं मी धरून चालले होते.

तो आला. मेल्याची हिंमत बघा! मनगटाला चिंधी बांधलेली. कुणाशी न बोलता मारियेच्या तसबिरीपुढं गुडघे टेकून बसला. तसबीर आत, म्हणून दाराकडं पाठ. आणि दारात दीर, कोयता घेऊन, त्याच्या मानेपासून हातभर अंतरावर.

प्रार्थना मला सांगायची होती, नि माझी नजर कोयत्यावरून हलेना. मी मनातल्या मनात देवाला रागानंच म्हटलं, "माझ्यानं आता होत नाही. कोयता लपवून झाला, दिराच्या पाया पडून झालं. हा दीर तुझा, तो मेलाही तुझा. तूच बघ." आणि काय सांगू, भीतीच गेली. दीर तसाच उभा होता, कोयताही तसाच होता, पण मी तिकडं बघायचं सोडलं. इतकं शांत मला लग्नाआधीही कधी वाटलं नव्हतं. मी प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग मोठ्यानं म्हटला.

उरलेला अर्धा जमलेल्यांनी म्हणायचा असतो. कुणीच म्हणेना. सगळ्यांचे डोळे दारात. दिरानं कोयता उचलला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घोगरा, तुटक. माझा नवरा उरलेला अर्धा भाग म्हणत होता.

दीर कोयत्यासकट मटकन खाली बसला नि लहान पोरासारखा रडला. शेजारी मागं वळला नाही, पण त्याची पाठ गदगदत होती. मी पुढची प्रार्थना सुरू केली.

नवऱ्याला नंतर दुसरं काही कधी बोलता आलं नाही. माझं नाव नाही, पोरांची नाही. तेवढा अर्धा भाग मात्र यायचा. रोज संध्याकाळी मी माझा अर्धा म्हणायचे, नि तो त्याचा.