फ्रिजमधले दोन डबे

गिटार वाजवायला फ्रिज लागतो, हे आमच्या आईला अजून पटलेले नाही.

फझ पेडल म्हणजे गिटारचा आवाज घोगरा करणारा डबा. जुन्या काळच्या दोन सर्किटांवरून मी दोन डबे बनवले होते. त्यांतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बाबांच्या बंद पडलेल्या रेडिओतून काढलेले. माजरीच्या खाणीतून रिटायर झाल्यापासून बाबा गप्पच असायचे. माझ्या गिटारकडे तर त्यांनी कधी ढुंकूनही पाहिले नव्हते. त्या दुपारी मात्र खुर्ची ओढून समोर बसले.

"वाजव. कोणता डब्बा चांगला, मी सांगतो."

मला भरूनच आले! एकदा तरी बाबांनी 'छान' म्हणावे, एवढीच माझी इच्छा होती. (वय पंचेचाळीस. पण इच्छेला कोण विचारतो?)

आता, जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. आणि मी ते वाजवायला घेतले चंद्रपुरात, मे महिन्यात! पहिला डबा खरखरला, दुसरा फुरफुरला, मग दोघांनीही मान टाकली.

"कुलरसमोर ठेव न," बाबा म्हणाले.

ठेवले. डब्यांत जीव आला, पण कुलरच्या घरघरीत काही ऐकूच येईना.

"मंग फ्रिजात ठेव!"

बाबांना एवढा उत्साह मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. डबे आत सारले, वायरी दारातून बाहेर काढल्या, फटीत बाबांनी आपला दुपट्टा कोंबला. आणि काय सांगू, आवाज लागला! कधी हा डबा, कधी तो, मी वाजवतच सुटलो. बाबा डोळे मिटून डोलत होते. फ्रिजचे पाणी पायाखाली आले तरी आम्हाला पत्ता नाही.

शेजारी गेलेली आई परतली ती थेट फ्रिजपाशी.

"अवो, आंब्याच्या रसात वायर काऊन आहे?"

तो रस संध्याकाळी जेवायला येणाऱ्या मामांसाठी होता!

"डब्बे थंडे करून राह्यलो," बाबा म्हणाले.

"पोरगा तर येडाच आहे, तुमाले तरी काही समजते का नाई?"

तिने वायरी उपटल्या. स्पीकर गप्प झाला. माझी बोटे मात्र घाबरून तारांवर तशीच फिरत राहिली. नुसती बारीक किणकिण.

बाबांनी कान दिला.

"हा आवाज छान आहे बे! बिना डब्ब्याचा."

फरशी पुसता पुसता माझे डोळे वाहायला लागले. आईला वाटले, रस वाया गेल्याचा पश्चात्ताप झाला. तिने मला तिथल्या तिथे माफ केले, आणि मीही तिला मुकाट्याने माफ करू दिले!