तीस वर्षांचा चर

चराशी क्लिफर्ड हेम्ब्रोचं नातं बायकोपेक्षाही जुनं. इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या त्या सखल, पाणथळ मुलखात ज्याच्या शेताकाठी चर, त्यानेच तो उपसायचा. हिवाळा तोंडावर आला की जलमंडळाची माणसं पाहणीला येत. ज्याच्या चरात गवत सापडे त्याला दंड, शिवाय पबमध्ये वर्षभर टोमणे. साठ वर्षांत क्लिफर्डला कुणी बोट दाखवलं नव्हतं.

आता तो एकोणऐंशीचा झाला होता. बायको एव्हिस अर्धांगवायूनंतर शहरातल्या वृद्धाश्रमात होती, कारण घराचा जिना तिला चढवत नव्हता. म्हणून जुन्या गोठ्याच्या जागी बिनजिन्याचं छोटं घर बांधून तिला परत आणायचं, एवढीच त्याची मागणी होती. परवानगीचा अर्ज केला तर उत्तर आलं, गोठ्यापासून सहा मीटरवर चर आहे. आधी चरातल्या जीवसृष्टीची पाहणी होईल, मग ती आहे त्याहून दहा टक्के वाढवून दाखवावी लागेल.

पुढचं म्हाताऱ्याने धड वाचलंच नाही. पाहणी म्हटल्यावर हात शिवशिवले. तीन दिवस कमरेला हात लावत त्याने काठ कापला, गाळ उपसला आणि चर आरशासारखा लख्ख केला.

पाहणीला टॅमसिन नावाची तरुण बाई आली. काठावर उभी राहिली आणि तिचा चेहराच पडला.

"मिस्टर हेम्ब्रो, हे कुणी केलं?"

"मीच! या वयात! दाखव बरं एक काडी शिल्लक असेल तर."

"अहो, काड्याच बघायला आले होते मी. पाणउंदरांना कायद्याचं संरक्षण आहे; ते आहेत की नाहीत, हे कुरतडलेल्या देठांवरून कळतं. आता गवत वाढेपर्यंत, म्हणजे एप्रिलपर्यंत थांबावं लागेल."

"वाढू द्यायचं? साठ वर्षं त्याच्याशीच भांडलोय गं पोरी!"

टॅमसिनलाही वाईट वाटलं, पण नियम तिच्या हातात नव्हता.

वृद्धाश्रमात एव्हिस अर्ध्या तोंडाने हसली. "लग्नाच्या सकाळीसुद्धा चरातच होतास तू. बुटांना चिखल तसाच." मग खिडकीकडे बघून म्हणाली, "एप्रिल लांब आहे, क्लिफ."

स्वतःचा इतका राग त्याला कधी आला नव्हता. सगळा हिवाळा तो रिकाम्या हातांनी चराकाठी जाऊन गवताची वाट बघत राहिला.

गवत आलं, पाणउंदीरही निघाले. घर चरापासून आणखी चार मीटर मागे घ्यावं लागलं, नकाशे पुन्हा काढावे लागले. जूनमध्ये टॅमसिनने शेवटचा कागद पुढे ठेवला: ते दहा टक्के भरून निघावेत म्हणून तीस वर्षं चराची निगा राखायची, आणि एका वर्षी एकच काठ कापायचा, दुसरा वाढू द्यायचा. खाली जबाबदार व्यक्तीचं नाव.

"एखाद्या संस्थेचं नाव घालता येईल," ती हळूच म्हणाली.

क्लिफर्डने स्वतःचं नाव घातलं आणि कागद एव्हिसला दाखवायला नेला. तिने तो बराच वेळ वाचला.

"एकशेनऊचा होशील तू."

"होईन. काय बिघडलं?"

"दोन्ही काठ तुझ्याच्याने व्हायचे नाहीत. पेन दे."

तिचा उजवा हात निकामी होता. डाव्या हाताने, त्याच्या नावाखाली, तिने वाकडंतिकडं आपलं नाव लिहिलं.

"दुसरा काठ माझा," ती म्हणाली. "आता लवकर बांध."