केशवरावांचं गजकर्ण

भातकुलीच्या केशवरावांची शेवंतीची बाग नावाजलेली. पण कमरेला करदोड्याखाली गजकर्ण झालं होतं, ते तीन वर्षं हलत नव्हतं. चारचौघांत बोलता बोलता हात धोतरात जाई. पंगतीत शेजारचा माणूस हळूच ताट सरकवून बसे.

नात खुशी अमरावतीत औषधशास्त्र शिकत होती. एका रविवारी ती ओट्यावर मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "बुरशीच्या औषधात दुखण्याची साधी गोळी मिसळली ना, तर बुरशी लवकर दबते!" केशवरावांनी एवढंच ऐकलं. "पण हे अजून काचेच्या ताटलीत, माणसावर नाही," हे ती म्हणाली तेव्हा ते खलबत्ता घेऊन बागेत पोचले होते.

गुडघेदुखीसाठी आणलेल्या सहा गोळ्या त्यांनी कुटल्या, दुकानातून आणलेल्या मलमात कालवल्या आणि खाजवून सोललेल्या कातडीवर जाड थापल्या. आधी गार वाटलं. मग आग अशी उसळली की केशवराव धोतरासकट पाण्याच्या टाक्यात जाऊन बसले.

नेमक्या तेव्हाच बारशासाठी फुलं न्यायला गल्लीतली शकुन आली.

"काका, टाक्यात काहून बसले?"

"पानी किती हाये ते पाहून राहिलो. तुले किती किलो पायजे?"

छातीभर पाण्यातून त्यांनी पाच किलो शेवंतीचा सौदा पुरा केला. शकुन गेल्यावर बायकोला, माणिकबाईंना, हाक मारली, तेव्हा आवाज रडवेला झाला होता.

खुशीनं दुसऱ्याच दिवशी दोघांना अमरावतीला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मलमाची ट्यूब उलटसुलट करून पाहिली. "यात स्टिरॉइड आहे. खाज झोपते आणि बुरशी पोसते. घरात आणखी कुणाला आहे?"

"कोनालेच नाई," केशवराव म्हणाले.

माणिकबाईंनी मुकाट्यानं पदर सारून दंड पुढे केला. त्यावर रुपयाएवढे तीन गोल चट्टे होते. "वर्ष झालं. लाज वाटे सांगाले."

टॉवेल दोघांचा एकच होता.

बाईंनी तपासायला कातडीचा भुगा खरवडून घेतला. केशवरावांची परवानगी घेऊन त्यातला थोडा खुशीच्या प्रयोगशाळेत गेला. काही आठवड्यांनी तिनं आजोबांना बोलावून तीन ताटल्या दाखवल्या. पहिलीत औषध नव्हतं, तिथं बुरशी कापसासारखी फुलली होती. नुसत्या औषधाच्या ताटलीत ती अर्धी होती. औषध आणि गोळी, दोन्ही असलेल्या ताटलीत मोहरीएवढा ठिपका.

"पाह्य! म्या तेच केलं होतं!"

"आबा, ताटलीले कातडी नाई, पोट नाई, किडनी नाई. आमी मापून थेंब टाकतो. तुमी आल्याच्या खलबत्त्यात सहा गोळ्या कुटल्या!"

केशवराव पहिल्या ताटलीकडेच बघत राहिले. "पीक मातर जोरदार आलं," ते हळूच म्हणाले.

करदोडा सुटला, टॉवेल दोन झाले, कपडे उन्हात वाळू लागले. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या दोघांनी एकमेकांना आठवण देत शेवटपर्यंत घेतल्या. दोन महिन्यांत दोघांची कातडी स्वच्छ झाली.

हल्ली फूलबाजारात कुणी नुसती पाठ खाजवली तरी केशवराव गर्दीतून ओरडतात, "लाजू नको! कोनतं मलम लावून राहिला, दाखव!" त्यामुळे ते येताना दिसले की अर्धा बाजार हात खिशात घालतो.